“ताई, सगळं टाकलंय, पण चालत नाही”: फ्लटरचा सेटअप तपासायची माझी पद्धत

कॉलेजांत मिनी प्रोजेक्टचे दिवस आले की माझा फोन वाजायला लागतो. “ताई, सगळं टाकलंय, पण चालत नाही.” मी विचारते, “काय चालत नाही?” पलीकडे दोन सेकंद शांतता, आणि मग, “म्हणजे... अ‍ॅपच येत नाही.”

मी कऱ्हाडात घरून अ‍ॅप बनवते. दूध संकलनाच्या नोंदींचं एक, दवाखान्यातल्या नंबरांचं एक, अशी छोटी छोटी कामं, आणि जवळजवळ सगळी फ्लटरमध्ये, म्हणजे गूगलच्या अ‍ॅप बनवायच्या साधनात. ओळखीपाळखीतून मुलं फोन करतात. समोरच्याचा स्क्रीन मला दिसत नाही, त्यामुळे फोनवर बोलून बोलूनच त्याचा लॅपटॉप ताळ्यावर आणावा लागतो. या उद्योगातून एक क्रम ठरून गेलाय. खालून वर जायचं, एका वेळी एकच गोष्ट बघायची, आणि खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरच्या पायरीला हात लावायचा नाही. अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकणं हा सगळ्यात शेवटचा उपाय. मुलं तो सगळ्यात आधी करतात आणि तीन जीबीचा डेटा घालवून मग मला फोन करतात.

लॅपटॉप विंडोजचा आणि फोन अँड्रॉइडचा धरून लिहितेय, कारण मला येणारे फोन बहुतेक त्यांचेच असतात. कमांड इथे मी बोलते तशा देवनागरीत लिहिल्यात. टाइप करताना त्या अर्थातच इंग्रजीत, आणि मी वेगळं सांगितलं नाही तर लहान अक्षरांत.

आधी लॅपटॉप बघा, फ्लटर नंतर

सी ड्राइव्हवर किती जागा शिल्लक आहे? अँड्रॉइड स्टुडिओ, त्याचा एसडीके (अँड्रॉइडची अ‍ॅप बनवायची अवजारं), ग्रेडल (अ‍ॅप बांधून देणारा प्रोग्राम) उतरवून ठेवतो त्या फायली आणि एखादा एम्युलेटर (लॅपटॉपवरच चालणारा नकली फोन), एवढ्यात वीस-पंचवीस जीबी सहज जातात. आठ-दहा जीबीच उरले असतील तर आधी जागा करा. डिस्क भरली की येणारे एरर भलत्याच कशाबद्दल तरी बोलतात, आणि आपण ते वाचत बसतो.

दुसरं, खाली उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ. हसू नका. एका मुलाने सेकंडहँड लॅपटॉप घेतला होता. त्यातला मदरबोर्डवरचा बटण सेल संपलेला, त्यामुळे लॅपटॉप बंद केला की तारीख काही वर्षं मागे जायची. तारीख चुकीची असली की सुरक्षित वेबसाइटचं सर्टिफिकेट लॅपटॉपला “अजून लागूच झालेलं नाही” असं वाटतं, आणि ग्रेडल काहीही उतरवून घ्यायला नकार देतो. पोराने स्टुडिओ तीनदा टाकून बघितला. शेवटी मी “एररमध्ये सर्टिफिकेट हा शब्द आहे का?” विचारलं तेव्हा उलगडा झाला. वेळ आपोआप सेट होण्याचा पर्याय चालू केला आणि काम मार्गी लागलं. सेल नंतर कधीतरी बदलला त्याने.

तिसरं म्हणजे फोल्डरची जागा आणि नाव. इथे आपल्या लोकांची एक खास अडचण होते. सांगलीकडची एक मुलगी हौसेने प्रोजेक्टच्या फोल्डरला ‘माझं पहिलं अ‍ॅप’ असं नाव देऊन बसली होती, देवनागरीत. विंडोज काही म्हणाला नाही, एडिटर काही म्हणाला नाही, आणि बिल्ड (कोडपासून अ‍ॅप बांधणं) मात्र पहिल्या मिनिटात आडवा. अँड्रॉइडच्या बिल्डचं जे ग्रेडल प्लगिन आहे ते विंडोजवर प्रोजेक्टच्या पाथमधली, म्हणजे फोल्डरच्या पूर्ण पत्त्यातली, अक्षरं तपासतं, आणि इंग्रजीबाहेरचं अक्षर दिसलं की “प्रोजेक्ट दुसऱ्या जागी हलवा” म्हणून थांबतं. ही तपासणी बंद करायची एक सेटिंग आहे, पण ती वापरू नका, फोल्डरच हलवा. अ‍ॅपच्या आत मराठी पाहिजे तेवढी लिहा, फोल्डरच्या नावात नको.

नावात मोकळी जागा पण नको. ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये फ्लटर टाकू नका, तिथे लिहायला अ‍ॅडमिनची परवानगी लागते. वनड्राइव्ह सिंक करत असलेला डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्सही नको. बिल्ड चालू असताना शेकडो छोट्या फायली बनतात आणि पुसल्या जातात, त्यातली एखादी सिंकने धरून ठेवली की ग्रेडलला ती पुसता येत नाही. मी सरळ सी ड्राइव्हवर ‘डेव्ह’ नावाचं फोल्डर करायला लावते. त्यात फ्लटर एका फोल्डरात, आपले प्रोजेक्ट दुसऱ्यात.

कुठलं फ्लटर बोलतंय?

आता कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि लिहा: व्हेअर फ्लटर. दोन ओळी यायला हव्यात, दोन्ही एकाच बिन फोल्डरातल्या, फक्त दुसरीच्या शेवटी डॉट बॅट. काहीच आलं नाही तर पाथमध्ये (विंडोज कमांड जिथे शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत) फ्लटरचं बिन फोल्डर घातलेलं नाही, किंवा घातलंय पण खिडकी जुनीच उघडी आहे. पाथ बदलल्यावर नवी खिडकी उघडावी लागते. व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर) उघडा असेल तर तोही पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचा. नुसता त्यातला टर्मिनल बंद करून भागत नाही.

चार ओळी आल्या, म्हणजे दोन वेगवेगळ्या फोल्डरांतल्या, तर लॅपटॉपवर दोन फ्लटर आहेत आणि वरचं आहे तेच धावतंय. बहुतेक वेळा ते सहा महिन्यांपूर्वी कुठल्यातरी व्हिडिओत बघून डाउनलोड्समध्ये उघडलेलं असतं. पाथमधून ते काढा.

एक खोच. तुमची खिडकी कमांड प्रॉम्प्टची आहे की पॉवरशेलची? व्हीएस कोडचा टर्मिनल विंडोजवर सहसा पॉवरशेल उघडतो, आणि पॉवरशेलमध्ये ‘व्हेअर’ या शब्दाचा अर्थ वेगळाच आहे. तिथे काहीही न छापता ओळ परत येते. मग मुलांना वाटतं फ्लटर नाहीच. तिथे व्हेअर डॉट ईएक्सई असं लिहायचं. ओळीच्या सुरुवातीला पीएस दिसत असेल तर तो पॉवरशेल.

तीच कमांड जावासाठी चालवा आणि येईल तो पाथ वहीत लिहून ठेवा. त्याची गरज नंतर पडणार आहे.

डॉक्टरचं ऐकायचं, पण कितपत

फ्लटर डॉक्टर. पहिल्यांदा चालवताना थोडा वेळ लागतो, तो स्वतःची अवजारं बांधून घेतो. मग यादी येते: फ्लटर, विंडोज, अँड्रॉइड टूलचेन, क्रोम, व्हिज्युअल स्टुडिओ, जोडलेली उपकरणं, नेटवर्क. प्रत्येकापुढे हिरवी टिक, पिवळं उद्गारचिन्ह किंवा लाल फुली.

व्हिज्युअल स्टुडिओपुढच्या लाल फुलीने दर वर्षी कुणी ना कुणी घाबरतं. तो फक्त विंडोजवर चालणारं डेस्कटॉप अ‍ॅप बनवायला लागतो. फोनचं अ‍ॅप बनवायचं असेल तर ती फुली तशीच राहू द्या. व्हीएस कोड वेगळा आणि हा वेगळा, नाव सारखं असल्याने गोंधळ होतो. एकाने त्या फुलीपायी रात्रभर कित्येक जीबी उतरवले होते. सकाळी ती हिरवी झाली, आणि अ‍ॅप होतं तिथेच.

अँड्रॉइड टूलचेनपुढचं चिन्ह मात्र हिरवंच हवं. तिथे बहुधा दोनच तक्रारी असतात. पहिली, कमांड लाइन टूल्स नाहीत. अँड्रॉइड स्टुडिओ टाकताना ती आपोआप येतीलच असं नाही. स्टुडिओ उघडा, एसडीके मॅनेजर, त्यात एसडीके टूल्स हा टॅब, ‘अँड्रॉइड एसडीके कमांड लाइन टूल्स’पुढे खूण, अप्लाय. दुसरी तक्रार, लायसन्स स्वीकारलेली नाहीत. त्यासाठी फ्लटर डॉक्टर, मग जागा, मग दोन डॅश, अँड्रॉइड, एक डॅश, लायसन्सेस. एकामागून एक लांबलचक मजकूर येतो आणि दर वेळी वाय दाबून एंटर मारायचं. क्रमही हाच ठेवा. आधी टूल्स, मग लायसन्स. उलट केलं तर लायसन्सची कमांडच चालत नाही, कारण तिला तीच टूल्स लागतात.

सगळं हिरवं झालं की खाली ‘नो इश्यूज फाउंड’ येतं. मुलं याचा स्क्रीनशॉट काढून स्टेटसला ठेवतात. माझ्या मते इथे तपासणी जेमतेम अर्ध्यावर आलीय. डॉक्टर बघतो ते वस्तू जागेवर आहेत का, एवढंच. त्या वापरून एक अ‍ॅप बनतं का, हे तो बनवून बघत नाही. भांडी, तांदूळ, गॅस सगळं आहे म्हणून सांगतो, भात लावत नाही.

फोन जोडताना

माझा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो.

फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’मध्ये बिल्ड नंबर शोधा आणि त्यावर सात वेळा टॅप करा. डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. काही फोनांत बिल्ड नंबर असं न लिहिता कंपनीच्या स्वतःच्या सिस्टिमचं नाव आणि व्हर्जन असतं, तिथे त्यावर टॅप करायचं. मग डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंग चालू करा, केबल लावा, आणि टर्मिनलमध्ये लिहा: एडीबी डिव्हायसेस. (एडीबी म्हणजे लॅपटॉप आणि फोनचं बोलणं घडवणारं अवजार.) “एडीबी सापडत नाही” असं आलं तर घाबरू नका. तो एसडीकेच्या ‘प्लॅटफॉर्म टूल्स’ फोल्डरात असतो, ते फोल्डर पाथमध्ये घाला. फ्लटर स्वतः एडीबी शोधून घेतो, आपल्यालाच तो हाताने चालवायचा असतो म्हणून हे.

आता यादीत काय दिसतं त्यावर पुढचं.

यादी रिकामी? पहिला संशय केबलवर घ्या. बाजारात नुसत्या चार्जिंगच्या केबली ढीगभर असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतातच. फोन चार्ज होतोय म्हणजे केबल चांगली आहे असं होत नाही. ओळखायचं कसं? केबल लावल्यावर फोनवर ‘फाइल ट्रान्सफर’चा पर्याय येतो का बघा, आणि लॅपटॉपवर फोनमधले फोटो दिसतात का. दिसत नसतील तर घरातली दुसरी केबल आणा. माझ्या टेबलाच्या खणात एक पांढरी केबल आहे, तिला लाल दोरा बांधलाय. ती मी कुणाला देत नाही. केबल बरोबर असूनही यादी रिकामी असेल तर विंडोजला त्या फोनचा यूएसबी ड्रायव्हर हवा असतो. तो फोनच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या.

‘अनऑथराइज्ड’ दिसतंय? मग फोन हातात घ्या आणि लॉक उघडा. “या कॉम्प्युटरवरून डीबगिंगला परवानगी द्यायची का?” असा प्रश्न तिथे वाट बघत असतो. खाली ‘नेहमी परवानगी द्या’वर खूण करून होकार द्या. प्रश्न येतच नसेल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये डीबगिंगच्या जुन्या परवानग्या रद्द करायचा पर्याय आहे, तो दाबा, केबल काढा, पुन्हा लावा.

‘ऑफलाइन’ दिसतंय? एडीबी किल सर्व्हर, मग एडीबी स्टार्ट सर्व्हर. दोन्हींत शेवटच्या दोन शब्दांमध्ये जागा नाही, डॅश आहे.

नुसतं ‘डिव्हाइस’ असं दिसलं की जिंकलात. पण पूर्ण नाही. काही कंपन्यांच्या फोनांत डीबगिंग चालू असूनही अ‍ॅप आत घ्यायला वेगळी परवानगी लागते, ‘इन्स्टॉल व्हाया यूएसबी’ नावाची. ती चालू करायला काही फोन त्यांच्या खात्यात लॉगिन करायला लावतात आणि आत सिमकार्डही मागतात. अशा वेळी बिल्ड व्यवस्थित होतो आणि अगदी शेवटी ‘इन्स्टॉल फेल्ड यूझर रिस्ट्रिक्टेड’ येतं. माझा भाचा जुना, सिम काढलेला फोन टेस्टिंगला वापरत होता. दोन दिवस तो स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसला. कोड कुठला, फ्लटरने दिलेलं नमुन्याचंच अ‍ॅप होतं ते.

केबलचा कंटाळा आला असेल तर अँड्रॉइड ११ पासून वायरलेस डीबगिंग आहे. फोन आणि लॅपटॉप एकाच वाय-फायवर ठेवून सहा आकडी कोड टाकून जोडता येतं. पण पहिली तपासणी केबलनेच करा. वाय-फायची नाटकं त्यात मिसळली तर दोष कुणाचा ते कळत नाही.

एम्युलेटरबद्दल थोडं

आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर अँड्रॉइड स्टुडिओ, क्रोम आणि एम्युलेटर एकदम उघडलं की पंखा गिरणीसारखा वाजतो. फोन असेल तर फोन वापरा, असं माझं स्पष्ट मत. एम्युलेटरच हवा असेल तर आधी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, सीपीयू, आणि तिथे ‘व्हर्च्युअलायझेशन’पुढे ‘एनेबल्ड’ आहे का बघा. नसेल तर ते बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन चालू करावं लागतं. इंटेलच्या मशीनवर ते व्हीटी-एक्स किंवा व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी नावाने असतं, एएमडीवर एसव्हीएम. आणि जुन्या व्हिडिओंत हॅक्सएम टाका म्हणून सांगतात ते सोडा. इंटेलने त्याचं काम २०२३ मध्ये थांबवलं.

पहिला बिल्ड

आता भात लावू. आपल्या प्रोजेक्टच्या फोल्डरात जा आणि लिहा: फ्लटर क्रिएट तपासणी. ‘तपासणी’ इंग्रजी अक्षरांत, सगळी लहान, मध्ये जागा किंवा डॅश नको, हवी तर खालची रेघ. पहिलं अक्षर कॅपिटल चालत नाही. आणि ‘टेस्ट’ असं नावही देऊ नका, त्या नावाचं पॅकेज फ्लटर स्वतः वापरतो, त्यामुळे तो नकार देतो.

स्वतःचा अर्धवट प्रोजेक्ट घेऊन तपासायला बसू नका. नेटवरून उतरवलेला कुणाचा तरी दोन वर्षांपूर्वीचा प्रोजेक्ट तर नकोच. त्यातली पॅकेजं जुनी, ग्रेडल जुना, तो चालला नाही तर दोष तुमच्या लॅपटॉपचा की त्या प्रोजेक्टचा? कोरं, नमुन्याचं, बटण दाबलं की आकडा वाढतो ते अ‍ॅपच घ्या.

फोल्डरात शिरा, आणि फ्लटर रन. ‘रनिंग ग्रेडल टास्क असेंबल डीबग’ अशी ओळ येते आणि स्क्रीन गप्प होतो. पहिल्या वेळी ग्रेडल स्वतः उतरतो, तोच शंभर एमबीच्या वर असतो, शिवाय लागणाऱ्या लायब्ऱ्या. दहा-पंधरा मिनिटं लागली तर त्यात काही बिघडलेलं नाही. मुलं पाचव्या मिनिटाला कंट्रोल-सी दाबतात, अर्धवट उतरलेली फाइल मागे राहते, आणि पुढच्या वेळी खरोखरच अडकतं. अडकलंय की चाललंय हे बघायचं तर टास्क मॅनेजर उघडा. ‘ओपनजेडीके प्लॅटफॉर्म बायनरी’ नावाची ओळ शोधा. तिच्यापुढे सीपीयू किंवा नेटवर्कचे आकडे हलत असतील तर चहा करून या. बराच वेळ दोन्ही शून्यावर असतील तर मग थांबवा.

नेटवर्क शून्यावर असेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघा. एका कॉलेजच्या लॅबमध्ये ब्राउझर सगळं उघडायचा आणि ग्रेडल काहीच उतरवायचा नाही. कारण तिथलं नेट प्रॉक्सीतून, म्हणजे मधल्या एका सर्व्हरमधून, येत होतं. ब्राउझरला प्रॉक्सी माहीत होता, ग्रेडलला कुणी सांगितलाच नव्हता. त्याला तो ग्रेडल डॉट प्रॉपर्टीज या फाइलमध्ये वेगळा लिहून द्यावा लागतो. हॉटस्पॉटवर चाललं तर समजा लॅपटॉप ठीक आहे, भानगड नेटची आहे.

आता तो वहीत लिहिलेला जावाचा पाथ काढा. दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला टाकलेला जावा ८ आपल्याकडच्या निम्म्या लॅपटॉपांत असतो. अँड्रॉइडच्या ग्रेडल प्लगिनला आठव्या आवृत्तीपासून किमान जावा १७ लागतो. आणि उलटही होतं: प्रोजेक्टमधला ग्रेडल जुना आणि जावा फारच नवा. तेव्हा ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५’ असा एरर येतो. हा पासष्ट बघून लोक गोंधळतात. त्यातून ४४ वजा करा, जावाचा आकडा मिळतो. ६५ म्हणजे २१, ६१ म्हणजे १७, ५२ म्हणजे आपला जुना ८. जावा २१ वर धावायला ग्रेडल किमान ८.५ लागतो. एवढी एक वजाबाकी पाठ असली तरी निम्मे फोन मला येणार नाहीत.

जावा शोधायला कुठे जायची गरज नाही. अँड्रॉइड स्टुडिओ स्वतःचा जावा घेऊनच येतो, त्याच्या फोल्डरात ‘जेबीआर’ नावाने. फ्लटर डॉक्टर, डॅश, व्ही असं लिहिलं की अँड्रॉइड टूलचेनच्या खाली फ्लटर नेमका कुठला जावा वापरतोय त्याचा पाथ दिसतो. भलताच असेल तर फ्लटर कॉन्फिग, दोन डॅश, जेडीके, डॅश, डिर, बरोबरचं चिन्ह, आणि पुढे जेबीआरचा पाथ अवतरणचिन्हांत. प्रॅक्टिकलचा जावा काढायची गरज नाही, तो त्याच्या जागी राहू दे.

एरर आला तर शेवटची ओळ वाचू नका, ती बिल्ड फसला एवढंच सांगते. वर जा आणि ‘व्हॉट वेंट राँग’ अशी ओळ शोधा. तिच्या खालच्या दोन-तीन ओळींत खरं कारण असतं.

स्वतः बदललेली ओळ फोनवर दिसली पाहिजे

फोनवर निळ्या-जांभळ्या रंगाचं अ‍ॅप उघडलं, अधिकचं बटण दिसलं. पाच वेळा दाबा. आकडा पाच. आता टर्मिनल बंद न करता लिब फोल्डरातली मेन डॉट डार्ट उघडा (डार्ट ही फ्लटरची भाषा). त्यात ‘यू हॅव पुश्ड द बटन’ असं इंग्रजी वाक्य आहे, ते पुसून मराठीत लिहा. मी नेहमी लिहायला लावते: ‘कऱ्हाडात बटण इतक्यांदा दाबलं’. गावाचा अभिमान आहेच, पण कऱ्हाड या शब्दात कारणही आहे. त्यातला तो आडवा, पापणीसारखा र फोनवर नीट आला तर फाइल बरोबर सेव्ह होतेय आणि फोनचा फॉन्ट मराठी नीट जोडतोय, दोन्ही कळतं. विंडोजच्या टर्मिनलमध्ये तोच शब्द चौकोन-चौकोन दिसेल कदाचित. ती टर्मिनलची तऱ्हा, तिच्याकडे बघू नका.

फाइल सेव्ह करा, टर्मिनलमध्ये क्लिक करून लहान आर दाबा. सेकंदा-दोन सेकंदांत वाक्य बदललं पाहिजे आणि आकडा पाचच राहिला पाहिजे. हा हॉट रीलोड. मग कॅपिटल आर दाबा. आकडा शून्यावर यायला हवा, तो हॉट रीस्टार्ट. दोन्ही झालं म्हणजे लॅपटॉप, केबल, फोन, डार्टचा कंपायलर, सगळी साखळी जोडलेली आहे. वाक्य बदललंच नाही तर नव्वद टक्के वेळा फाइल सेव्ह झालेली नसते, किंवा दुसऱ्याच प्रोजेक्टची मेन डॉट डार्ट उघडलेली असते. तिच्या टॅबवर माउस नेऊन पाथ बघा.

एडिटरमधूनही एकदा तपासा. व्हीएस कोडमध्ये आकडा वाढवणाऱ्या ओळीच्या डावीकडे क्लिक करून लाल ठिपका ठेवा, एफ-५ ने अ‍ॅप सुरू करा, फोनवर बटण दाबा. अ‍ॅप थिजलं आणि एडिटरमध्ये ती ओळ उजळली की डीबगरही ठीक.

दुसऱ्याच्या फोनवर

हे बहुतेक जण परीक्षेच्या आदल्या रात्री करतात आणि मग फोन रात्री साडेअकराला येतो. पहिल्याच दिवशी करा. फ्लटर बिल्ड एपीके. तयार झालेली फाइल बिल्ड, अ‍ॅप, आउटपुट्स, फ्लटर एपीके या फोल्डरांच्या साखळीत असते. ती घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर पाठवा आणि टाका. कोपऱ्यातली ‘डीबग’ची तिरकी पट्टी गेलेली दिसेल.

“अ‍ॅप नॉट इन्स्टॉल्ड” आलं तर त्या फोनवर मित्राच्या लॅपटॉपवरून टाकलेलं तेच अ‍ॅप आधीपासून आहे का बघा. वेगळी किल्ली (अ‍ॅपवर डिजिटल सही करायची फाइल) लावली नसेल तर नमुन्याचा प्रोजेक्ट त्या त्या लॅपटॉपवरच्या डीबगच्या किल्लीनेच सही करतो, आणि ती किल्ली प्रत्येक लॅपटॉपची वेगळी. जुनं काढा, मग नवं बसेल. प्ले स्टोअरला पाठवायला अर्थातच स्वतःची किल्ली बनवावी लागते, तो आजचा विषय नाही.

आणि आता माझी आवडती ठेच. अ‍ॅप इंटरनेटवरून काही आणत असेल तर डीबगमध्ये मस्त चालतं आणि ही रिलीज फाइल दुसऱ्या फोनवर टाकली की कोरी स्क्रीन. नमुन्याच्या प्रोजेक्टमध्ये इंटरनेटची परवानगी डीबग आणि प्रोफाइलच्या मॅनिफेस्ट फायलींत (अ‍ॅपची माहिती आणि परवानग्या लिहायच्या फायली) लिहिलेली असते, कारण हॉट रीलोडलाच ती लागते. मेन फोल्डरातल्या मॅनिफेस्टमध्ये ती नसते. ती एक ओळ डीबगच्या मॅनिफेस्टमधून उचलून मेनच्या मॅनिफेस्टमध्ये अ‍ॅप्लिकेशनच्या टॅगच्या वर ठेवा. दूध संकलनाच्या अ‍ॅपच्या वेळी मी स्वतः यात पडलेय. पहाटे साडेपाचला डेअरीवर दहा माणसं किटल्या घेऊन रांगेत, आणि माझ्या अ‍ॅपवर ना दर ना फॅट. वहीवर लिहून घेतलं त्या दिवशी त्यांनी.

लॅपटॉपवरच सर्व्हर चालवत असाल तर अ‍ॅपमध्ये लोकलहोस्ट लिहून चालत नाही. फोनसाठी लोकलहोस्ट म्हणजे फोन स्वतः. एम्युलेटरमध्ये १०.०.२.२ हा पत्ता लॅपटॉपकडे जातो. खऱ्या फोनला केबल असेल तर एडीबी रिव्हर्स, टीसीपी, कोलन, पोर्टचा आकडा, जागा, पुन्हा तेच. मग फोनमध्ये लोकलहोस्ट चालतं.

आयफोनचं विचाराल तर त्यासाठी मॅक आणि एक्सकोड लागतोच, विंडोजवर बसून ते बनवायचा सरळ मार्ग नाही. कोडचं काम विंडोजवर करता येतं, शेवटचा बिल्ड मॅकवर.

सगळं झालं की एक शेवटचं काम. फ्लटर डॉक्टर डॅश व्ही, पुढे मोठ्यापेक्षाचं चिन्ह, पुढे तारखेचं नाव दिलेली टेक्स्ट फाइल. सेटअप चालत होता त्या दिवशी काय काय कुठल्या व्हर्जनचं होतं ते त्यात राहतं. दोन महिन्यांनी काही अपडेट केलं आणि गाडी बंद पडली तर पुन्हा तीच कमांड चालवून दोन्ही फायली शेजारी ठेवायच्या, कुठली ओळ बदलली ते दिसतं. मला फोन करायचाच असेल तर आधी त्या दोन फायली पाठवा. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो नको. नेमकी चूक असलेली ओळ त्यात दर वेळी ट्यूबलाइटच्या चकाकीखाली गेलेली असते.